सातवा फर्मा

"बाबा, आता तुम्ही परीक्षक आणि मी उमेदवार. विचारा प्रश्न," असं म्हणून मुलीने जाडजूड पुस्तक बाइंडरच्या मांडीवर ठेवलं. त्याने सवयीने आधी पुस्तकाची पाठ चाचपून पाहिली. पाठ मजबूत होती. कोपरे शाबूत होते. पुठ्ठ्यावरचं कापड कुठेही सुटलेलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी त्यानेच ते पुस्तक बांधलं होतं, त्यामुळे त्याला फार समाधान वाटलं.

"छान आहे," तो म्हणाला.

"छान काय, बाबा? प्रश्न विचारा ना. कुठलंही पान उघडा."

बाइंडरने मधूनच एक पान उघडलं. अर्ध्या पानावर अक्षरं होती आणि उरलेल्या अर्ध्यावर मुंगीचे पाय शाईत बुडवून तिला मोकळं सोडल्यासारखी चिन्हं. त्याने घसा खाकरला. "हं. तर उमेदवार, मला असं सांगा, की प्र… प्रणो…"

"प्रणोदन."

"तेच ते. पान कितवं आहे हे?"

"हा प्रश्न कुणी विचारणार नाही, बाबा!"

भिंतीला टेकून पानांचे फर्मे शिवत बसलेली बायको एवढी हसली की तिचा दोरा तुटला. मुलगीही हसली आणि पुस्तक घेऊन गेली. बाइंडरही हसला, पण त्याला ते लागलं. मुलीचं घरातलं नाव ठिणगी. वय चोवीस. तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती आणि तीन वर्षं रॉकेटच्या कारखान्यात शिकाऊ अभियंता व्हायचा ध्यास घेऊन बसली होती. गेल्या वर्षी लेखी परीक्षा पार केली आणि मुलाखतीत अडली. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे येत्या सोमवारची मुलाखत ही शेवटचीच. तिच्या सरांनी चार पुस्तकांची यादी दिली होती आणि यादीतल्या या पहिल्याच पुस्तकापुढे दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'हे पाठ झालं पाहिजे'. ते कुठेच मिळेना, तेव्हा तिने जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक पार खिळखिळी झालेली प्रत शोधून आणली आणि बापापुढे ठेवली. बापाने ती बांधून दिली. पण ती आत काय आहे हे विचारायला आली, तर बापाला पानाच्या आकड्यापलीकडे काही सांगता येईना.

यात त्याचा दोष नव्हता, त्याच्या घराण्याचा होता. त्याच्या वडिलांनी धंद्याची किल्ली हातात देताना एकच मंत्र दिला होता. "वाचायला बसलास की खळ वाळते." बाइंडरने तो आयुष्यभर पाळला. कथा असो की कायदा, तो फक्त पानाच्या तळाचा आकडा बघायचा. सोळा पानांचा एक फर्मा. एक ते सोळा, सतरा ते बत्तीस, तेहेतीस ते अठ्ठेचाळीस. आकडे ओळीने लागले की पुस्तक बरोबर. "तीस वर्षांत माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही," हे वाक्य तो गिऱ्हाइकाला पावतीबरोबर द्यायचा. नको असलं तरी मिळायचं.

दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर गेली. बाइंडरने दुकानाचं, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीचं, दार उघडलं, खळ झाकून ठेवली, कपाटातून ते पुस्तक काढलं आणि पान एकवर बोट ठेवलं.

"अहो, काय करताय?" बायकोने विचारलं.

"वाचतोय."

"बरं वाटत नाहीये का?"

"अगं, सोमवारपर्यंत मला तिला निदान पाच प्रश्न विचारता आले पाहिजेत. बाप आहे मी तिचा."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एरवी ती तोंड उघडून तसंच मिटणाऱ्यांतली नव्हती. पण बाइंडर तोपर्यंत पहिल्या प्रकरणात शिरला होता, त्याच्या ते लक्षात आलं नाही.

पहिलं प्रकरण चक्क थोडं समजलं. रॉकेट हवेला ढकलून पुढे जात नाही, तर आपल्याच पोटातलं काहीतरी जोराने मागे फेकतं आणि त्यामुळे पुढे जातं, असं पुस्तकाचं म्हणणं होतं. बाइंडरला ते पटेना. कोऱ्या कागदांचे गठ्ठे वाहायची चार चाकांची एक गाडी दुकानात होती. तो तिच्यावर मांडी घालून बसला, मांडीवर सहा गठ्ठे घेतले आणि दाराच्या दिशेने एकेक भिरकावू लागला. पहिल्या गठ्ठ्याला गाडी वीतभर मागे सरकली. दुसऱ्याला हातभर. मग त्याला जोर चढला. सहाव्या गठ्ठ्याला गाडी मागच्या कपाटावर धडकली आणि वरून पुठ्ठ्यांची चळत त्याच्या डोक्यावर आली.

बायको धावत आली. "अहो! हे काय चाललंय?"

"प्रणोदन," बाइंडर पुठ्ठ्यांखालून म्हणाला. त्याच्या आवाजात असा काही आनंद होता की ती रागवायची विसरली.

पुढची प्रकरणं मात्र त्याने डोंगर चढावा तशी चढली. मंगळवारी तीस पानं, बुधवारी चाळीस. ज्वलन, दाब, उष्णता, मुंगीचे पाय. समजायचं काहीच नाही, पण तो ओळीवर बोट ठेवून इमानाने पुढे सरकत होता. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. खळीवर साय धरली. गुरुवारी दुपारी तो पान शहाण्णवच्या तळाशी पोचला. तिथे लिहिलं होतं, 'पंप सुरू करण्यापूर्वी इंधनाच्या नळीतील दाब पुरेसा आहे याची खात्री करावी. तो पुरेसा नसल्यास'. त्याने पान उलटलं. पान सत्त्याण्णव म्हणत होतं, 'तळमजल्यावरील रहिवाशांना आदल्या दिवशी तशी सूचना द्यावी'.

बाइंडर ताठ बसला. समजलं! संपूर्ण वाक्य समजलं! पुढचंही समजलं. त्याच्या पुढचंही. पंपाच्या दांड्याभोवती दोरी कशी गुंडाळायची, ती किती आवळायची, थेंब थेंब गळत असेल तर घाबरू नये, तेवढं गळणं पंपाच्या तब्येतीला बरंच असतं. चिन्हं नाहीत, मुंग्या नाहीत, सरळ माणसांची भाषा. त्याचे डोळे पाणावले. इतकी वर्षं आपण उगीच वाचायला घाबरलो, चार दिवस चिकाटी धरली तर रॉकेटसुद्धा कळतं, असं त्याला मनापासून वाटलं. "अगं ऐक! सोपं आहे!" तो आत ओरडला. "सुरुवातीला उगीच घाबरवतात, पुढे सगळं सोपं आहे!"

"हो का?" आतून आवाज आला. आणि मग भांडं पडल्यासारखा काहीतरी आवाज झाला.

शुक्रवारी सकाळी वकीलसाहेब आपल्या फायली न्यायला आले. फायली तयार नव्हत्या. त्याऐवजी बाइंडरने त्यांना स्टूल दिलं आणि रॉकेटचा पंप समजावून सांगायला घेतला. वकीलसाहेब समोरच्याला मधे न तोडता ऐकत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत. कोर्टात त्यांची हीच ख्याती होती.

"आणि आता हे बघा," बाइंडर पान एकशे चारवर बोट ठेवून म्हणाला, "गच्चीवरील टाकी भरून वाहू लागल्यास पंप त्वरित बंद करावा. किती साधी गोष्ट! पण माणसाला सुचत नाही."

"रॉकेटला गच्ची असते?" वकीलसाहेबांनी विचारलं.

बाइंडरने पानाकडे पाहिलं. पुस्तकाकडे पाहिलं. पुन्हा वकीलसाहेबांकडे पाहिलं. मग त्याने पान शहाण्णव वाचलं, पान सत्त्याण्णव वाचलं, घाईघाईने पान एकशे बारा आणि एकशे तेरा वाचलं, आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

झालं होतं ते इतकं सरळ होतं की त्यापेक्षा सरळ काही होऊच शकत नव्हतं. ज्या दिवशी ठिणगीचं पुस्तक खोललं, त्याच दिवशी त्याच्या मेहुण्याची पुस्तिकाही खोलली होती. मेहुणा पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होता आणि त्याच्या खात्याची पंप-देखभाल पुस्तिका पंपघराच्या दमट हवेने सुटी झाली होती. दोन्ही पुस्तकांचा आकार एक, कागद तितकाच पिवळा, पानावर मथळा कुठेच नाही, तळाशी फक्त आकडा. आणि कुठलंही पुस्तक घ्या, सोळा पानांच्या हिशेबाने सातवा फर्मा सत्त्याण्णववरच सुरू होतो आणि एकशे बारावर संपतो. बाइंडरने आकडे बघितले होते. आकडे बिनचूक होते. यातली सोळा पानं त्यात आणि त्यातली सोळा पानं यात, असं दोन्ही पुस्तकं अत्यंत मजबूत बांधून त्याने घरोघरी पोचवली होती.

"फायली सोमवारी नेतो," वकीलसाहेब उठत म्हणाले. "तुम्ही घाबरू नका. हेतू नव्हता, हे स्पष्ट दिसतंय."

बाइंडरला फायलींचं काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर एक लांबलचक टेबल आलं. पलीकडे चष्मेवाले पाच परीक्षक. ते विचारतायत, इंधनाचा दाब कमी पडला तर काय कराल? आणि त्याची हुशार, गुणी पोर ताठ मानेने सांगतेय, की तळमजल्यावर सूचना देईन. दोन महिने तिने हे पाठ केलं होतं. आधीच्या पानांच्या समासात तिच्या अक्षरात टिपणंही होती. पोरीचं नशीब बापाने स्वतःच्या हाताने शिवून टाकलं होतं.

तिला सांगावं, तर मुलाखत तीन दिवसांवर. तिचा धीर खचला तर? न सांगावं, तर गच्चीवरची टाकी. बराच वेळ येरझाऱ्या घालून त्याने ठरवलं, की गुपचूप खरी सोळा पानं आणायची, पुस्तकात बसवायची आणि रविवारी संध्याकाळी 'एवढं प्रकरण पुन्हा एकदा नजरेखालून घाल' म्हणून तिच्या हातात द्यायचं. हुशार आहे, एका रात्रीत करेल.

त्या संध्याकाळी तो शक्य तितक्या सहज आवाजात मुलीला म्हणाला, "ठिणगे, ते पहिलं पुस्तक जरा ठेवशील का माझ्याकडे? पाठ सैल झाल्यासारखी वाटतेय."

"तुमची बांधणी आणि सैल?"

"हवामान," बाइंडर म्हणाला.

मुलीने आईकडे पाहिलं, आईने भाजीच्या भांड्यात पाहिलं. "ठेवा," मुलगी म्हणाली, "माझी तीन पुस्तकं आहेत अजून उजळणीला."

शनिवारी सकाळी बाइंडर सायकल हाणत पंपघरात पोचला. मेहुणा टेबलाशी बसून नोंदवहीत वेळ लिहीत होता. हा माणूस नियमाच्या बाहेर शिंकसुद्धा देत नसे. बाइंडरने दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात सगळी कर्मकहाणी सांगितली. मेहुण्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसायला हवं होतं. ते दिसलं, पण थोडं उशिरा दिसलं.

"अरे बापरे," तो म्हणाला. "ठिणगीला सांगितलंत?"

"तिला अजिबात कळता कामा नये!"

"बरं बरं," मेहुणा म्हणाला आणि तोंडात पाण्याची गुळणी धरल्यासारखा गप्प बसला.

"तर ती सोळा पानं मला दे. तुझी ही घे."

"भावोजी, तसं नाही करता येणार. पुस्तिका पंपघराबाहेर न्यायची नाही. बांधायला दिली तेव्हा साहेबांची लेखी परवानगी होती. भिंतीवर लिहिलंय बघा. आणि कामावर असलेल्या चालकानेच ती हाताळायची."

"अरे, पण ती पानं तुझी नाहीतच!"

"शिक्का आहे ना माझ्या खात्याचा." मेहुण्याने पुस्तिका आपल्याकडे तोंड करून उघडली. रॉकेटच्या प्रत्येक पानावर पाणीपुरवठा खात्याचा गोल निळा शिक्का होता. "मागच्या महिन्यात तपासणी झाली. साहेबांनी स्वतः पानं मोजली, शिक्के मारले. एक जरी कमी भरलं तर माझी मान जाईल. आणि खरं सांगू? पुस्तिकेतली हीच पानं सगळ्यात कामाची आहेत. हा पंप वर्षानुवर्षं खडखडायचा. यात लिहिलंय, आत येणाऱ्या पाण्याला जोर कमी पडला की त्यात बुडबुडे होतात आणि ते फुटून पातं खातात. आता मी खालची टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय पंप लावतच नाही. ऐका, खडखड आहे का?"

बाइंडरने ऐकलं. खडखड नव्हती. पण त्याच्या छातीत होती. "अरे, तुझ्या सख्ख्या भाचीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

मेहुण्याने खूप विचार केला. नियमात बसेल असं काहीतरी तो शोधत होता आणि शेवटी ते त्याला सापडलं. पुस्तिका बाहेर जाऊ शकत नव्हती, पण बाइंडर आत येऊ शकत होता. दुरुस्ती जागेवर करायची, सोळा पानं निघाली की त्याच मिनिटाला सोळा पानं आत, म्हणजे मोजदाद बिघडायला नको. रविवारी दुपारी दोन ते चार पंप बंद असतो, तेवढ्या वेळात.

रविवारी दोनच्या ठोक्याला बाइंडर सुई, दोरा, खळीचं भांडं आणि पंपाची सोळा पानं घरीच मोकळी केलेलं पुस्तक घेऊन हजर झाला. मेहुण्याची पुस्तिका आधी करावी लागली, कारण तो पानं मोजत शेजारीच उभा होता. तीनला ती झाली. साडेतीनला ठिणगीच्या पुस्तकाच्या पाठीवरची जुनी खळ खरवडून झाली. चारला एक मिनिट कमी असताना मेहुण्याने घड्याळ पाहिलं आणि खटक्याकडे हात नेला.

"अरे थांब! पाच मिनिटं!"

"भावोजी, चार म्हणजे चार. तिसऱ्या मजल्यावर म्हातारी माणसं राहतात, वाट बघत असतात."

पंप सुरू झाला. टेबल थरथरू लागलं, खळीचं भांडं चालत चालत टेबलाच्या कडेला निघालं. बाइंडर एका हाताने भांडं आणि दुसऱ्या हाताने फर्मा धरतोय तोच पंपाच्या दांड्यापाशी गळणारं पाणी चिळकांडी होऊन टेबलावर आलं. त्याने अंगातला सदरा काढून पुस्तकावर पसरला आणि सदऱ्याखाली हात घालून, आंधळ्याने मोती ओवावेत तसा, सातवा फर्मा जागेवर बसवला, शिवला, खळ लावली आणि पुस्तक उचलून पंपाच्या सुट्या लोखंडी चाकाखाली दाबून ठेवलं.

"आता हे सकाळपर्यंत हलवायचं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "आज काढलं तर सगळंच सुटेल."

"आणि मुलाखत?"

"साडेनऊला," बाइंडर म्हणाला, आणि संध्याकाळी पुस्तक द्यायचा बेत खळीबरोबर वाळायला पडलाय हे त्याला तेव्हा उमगलं. सदरा पिळून अंगात घालत तो घरी गेला.

सोमवारी आठ वाजता पंपघर उघडलं. सव्वाआठला बाइंडर घरी पोचला, तर मुलगी निघून गेली होती. "बस चुकायला नको म्हणून लवकर गेली," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही आता बसा जरा. मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आल्यावर!" असं ओरडून त्याने सायकल वळवली. कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. वाटेत दोन चढ होते. वरच्या खिशातलं पेन कुठे पडलं, टोपी कुठे उडाली, त्याला पत्ता नव्हता. नऊ वाजून वीस मिनिटांनी तो फाटकावरच्या पहारेकऱ्याला "मुलीचं पुस्तक! मुलीचं पुस्तक!" एवढंच सांगत आत शिरला.

लांब खोलीत भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर दहा-बारा उमेदवार पांढरेफटक पडून बसले होते. ठिणगी शेवटच्या खुर्चीवर होती.

"बाबा? तुम्ही? काय झालं, आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. बाप नालायक आहे." बाइंडरने पुस्तक तिच्या हातात कोंबलं. एवढ्या लोकांसमोर बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं, पण थांबायला वेळच नव्हता. "पोरी, मी चुकलो. सत्त्याण्णव ते एकशे बारा. तू जे वाचलंस ते रॉकेटचं नव्हतं, ते पाण्याच्या पंपाचं होतं. तुझ्या मामाच्या पुस्तिकेतलं. मी आकडे बघितले, आत काय आहे ते बघितलं नाही. खरी पानं आता यात आहेत. दहा मिनिटं आहेत, जेवढं होईल तेवढं बघ."

सगळे उमेदवार त्या दोघांकडे बघू लागले. ठिणगीने बापाकडे पाहिलं. घामाने निथळणारा, सदऱ्यावर खळीचे डाग, एका पायाची पँट सायकलच्या साखळीत फाटलेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली.

"बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"रॉकेटमध्ये तळमजला कुठून येणार, बाबा? मी लगेच आईला दाखवलं. आई म्हणाली, तुझी खरी पानं मामाच्या पुस्तिकेतच गेली असतील. मग मी दर गुरुवारी कामावरून परस्पर पंपघरात जायचे. पण मामा पुस्तिकेला हात लावू देईना. नियम! तो स्वतःकडे तोंड करून पान उघडून धरायचा आणि मी टेबलाच्या या बाजूने वाचायचे. दोन महिने."

"म्हणजे तुझ्या आईला माहीत होतं? मामाला माहीत होतं?" बाइंडर मटकन खाली बसला. नशिबाने तिथे खुर्ची होती. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता ना, तीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे नाही. ते सांगताना किती खूश असता तुम्ही. आमची कुणाची जीभच रेटली नाही."

बाइंडरला सगळं उमगलं. आपल्या पाठीमागे घरातली तीन माणसं आपली अब्रू अशी सांभाळत होती, आणि आपण त्यांच्यापासून पुस्तक लपवत फिरत होतो. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं. तेवढ्यात शिपायाने तिचा क्रमांक पुकारला. ती उठली, पुस्तक तसंच हातात घेऊन आत गेली. दार मिटलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेजारच्या उमेदवाराने हळूच विचारलं, "काका, तुम्ही पण वाचलंय का हे?"

"शहाण्णव पानांपर्यंत," बाइंडर म्हणाला.

"रॉकेटला ढकलायला बाहेर हवा नसते, तरी ते पुढे कसं जातं, हे मला दर वेळी सांगता सांगता अडखळायला होतं."

"त्यात काय आहे?" बाइंडर म्हणाला आणि चाकांची गाडी आणि सहा गठ्ठे त्याने असे काही समजावले, की चार खुर्च्या त्याच्याजवळ सरकल्या. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. सकाळपासून आत गेलेल्या कुणालाही दहा मिनिटांच्या वर ठेवून घेतलं नव्हतं, असं शेजारचा उमेदवार म्हणाला. बाइंडरचा गठ्ठा हवेतच राहिला. तो दाराकडे बघू लागला.

दार उघडलं. ठिणगी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काय झालं?"

"मधल्या साहेबांनी विचारलं, कुठलं पुस्तक वापरता? मी दिलं. त्यांनी पंपाचं प्रकरण उघडलं, पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, ही आकृती समजावून सांगा." तिने पुस्तक त्याच्यापुढे उघडून धरलं. "बाबा, सोळाच्या सोळा पानं उलटी बांधलीत तुम्ही. डोकं खाली, पाय वर. वर प्रत्येक पानावर पाणीपुरवठा खात्याचा शिक्का."

बाइंडरने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सदऱ्याखालचा तो आंधळा हात त्याला आठवला. "संपलं," तो पुटपुटला. "मीच संपवलं."

"ऐका तर. मला त्यात उलटं काही दिसलंच नाही! दोन महिने मी ती पानं उलटीच वाचलीत ना. मी सरळ बोट ठेवून सांगायला लागले, इथून इंधन आत येतं, इथे जोर कमी पडला की बुडबुडे होतात, त्याने पंप असा असा खडखडतो, म्हणून टाकीत आधीच दाब ठेवायचा. साहेब मान वाकडी करकरून बघतायत, शेवटी म्हणाले, अहो, हे उलटं आहे! मी म्हटलं, हो का? मग पाचही जण हसायला लागले. म्हणाले, पण तो खडखडाट तुम्ही कधी कानांनी ऐकलाय? म्हटलं, ऐकलाय आणि थांबवलाही आहे. मग मामाचा पंप, खालची टाकी, सगळं सांगितलं. अर्धा तास दुसरं कुणी काही विचारलंच नाही."

"आणि?"

"पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून यायला सांगितलंय."

खोलीतल्या पांढऱ्याफटक उमेदवारांनी टाळ्या वाजवल्या. बाइंडरने मुलीला जवळ घेतलं. तिच्या कपड्यांना खळ लागली, पण त्याची दोघांनाही फिकीर नव्हती. सायकल हातात धरून दोघं चालत निघाले. फाटकाबाहेर आल्यावर बाइंडरने हात पुढे केला.

"आण ते पुस्तक इकडे. आजच्या आज सुलटं करून देतो."

"आज नको," मुलगी म्हणाली आणि पुस्तक त्याच्या हातात ठेवून बोटाने उलटी सोळा पानं ओलांडून पान एकशे तेरा उघडलं. "घाई काही नाही, बाबा. आधी वाचून संपवा, मग बांधा. अडलं तर मला विचारा."

बाइंडरने सायकल तिच्या हाती दिली, एका हाताने तिचा खांदा धरला आणि चालता चालता पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.